दाजींच्या पंपाची खोली

डिझेलच्या पंपाला ‘अहो’ म्हणणारा मनुष्य अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच आहे आणि त्याच्या घरी माझी थोरली बहीण दिलेली आहे. पंप म्हणजे विहिरीवरचा नव्हे. ट्रॅक्टर-ट्रकच्या इंजिनाला नेमक्या वेळी, नेमकं मोजून, जोराच्या दाबानं इंधन पाजणारा जो लोखंडी ठोकळा असतो, तो. चौसाळ्याला हायवेच्या कडेला दाजींनी चाळीस वर्षं हे ठोकळे उघडले आणि मिटले. माणसं त्यांच्या लेखी सगळी ‘बे’. सरपंच दारात आला तरी ‘काय बे, इकडं कुठं?’ मी मेहुणा म्हणून तेवढा ‘पाव्हणं’. पण पुढ्यात पंप आला की आवाज एकदम मऊ व्हायचा. ‘अहो, असं काय करता? जरा सुटा की.’ लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तो आवाज आपल्या वाट्याला एकदाही आला नाही, असं अक्का मला दर दिवाळीला सांगते.

घरात दाजींच्या सदऱ्याची बटणं कधी आपापल्या काजात नसतात. पंपाच्या खोलीत मात्र कडक सोवळं. आंघोळ करून जायचं, चपला बाहेर काढायच्या. आत पंखा नाही, कारण तो धूळ उडवतो. टॉवेल नाही, कारण त्याचं सूत सुटतं. पुसायला अक्काची जुनी मऊ लुगडी आणि सुटे भाग ठेवायला तिच्याच स्वयंपाकघरातल्या वाट्या. एकदा मी जेवायला बसलो आणि वाट्या कमी पडल्या. अक्का तणतणत खोलीत गेली, तर सहा वाट्यांत पंपातले इंधन ढकलणारे सहा दट्टे डिझेलमध्ये भिजत पडलेले. ‘त्यांना हलवू नको,’ दाजी आतून म्हणाले, ‘पाव्हण्यांना पानावर वाढ.’ त्या दिवशी मी वरण पळसाच्या पानावर अडवून अडवून खाल्लं.

माणसांच्या दुखण्यांकडंही ते याच नजरेनं बघत. फोनवर मी खोकलो की म्हणत, ‘पंपावाणी हवा धरलीय तुमी. काढून टाका.’ कशी काढायची, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

पुढं नव्या गाड्या कॉम्प्युटरवर चालायला लागल्या. त्यांचे पंप दाजींच्या पाना-पक्कडीला दाद देईनात. समोरच्या गाळ्यात त्यांचा मुलगा बालाजी टायरचं दुकान चालवतो. दुकान चांगलं चालतं, पण टायर उन्हात वाळतात. एके दिवशी तो बापासमोर बसून हळूच म्हणाला, ‘बाबा, चार महिनं झाले, एक पंप आला न्हाई. ती खोली मला द्या. बेंच भंगारात घालू.’ बेंच म्हणजे पंप फिरवून तपासायचं मशीन, दाजींचं सर्वस्व. दाजींनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, ‘एक पंप येऊ दे. तेवढा न्हाई जमला तर तूच कुलूप लाव.’ या वाक्यात कुठंही ‘बे’ नव्हता, तेव्हाच मी समजलो की प्रकरण गंभीर आहे.

आणि पंप आला. अंबाजोगाईचे एक निवृत्त डॉक्टर शालीत काहीतरी गुंडाळून, मांडीवर घेऊन आले. त्यांच्याकडं तरुणपणी हौसेनं घेतलेली परदेशी स्पोर्ट्स कार होती. लाल, दोन माणसांची, कित्येक वर्षं शेडमध्ये उभी. गाडी पेट्रोलची, पण तिला इंधन पाजायला डिझेलसारखाच सहा दट्ट्यांचा पंप. मोठ्या शहरांतल्या सगळ्या मेकॅनिकांनी सांगितलं होतं, पंप फेकून द्या, कार्बोरेटर बसवा. डॉक्टर म्हणाले, ‘मिस्त्री, अशी ती रस्त्यावर आणण्यापेक्षा उभीच बरी. तुम्ही शेवटचे.’ दाजींनी शाल बाजूला केली आणि हळू आवाजात म्हणाले, ‘आलात?’ डॉक्टरांना वाटलं, आपल्याला विचारलं. ते ‘हो’ म्हणाले.

मी शाळामास्तर, शाळेला सुट्टी होती, त्यामुळं पुढचा सगळा सोहळा मी तिथंच राहून पाहिला. जुनं पेट्रोल आत सुकून डिंकासारखं झालं होतं. दाजींनी एकेक दट्टा भिजवून, बोटांनी फिरवून सोडवला. ह्या दट्ट्याचं घर त्याला द्यायचं नाही, एकमेकांत झिजलेल्या जोड्या मोडायच्या नाहीत, असं ते मला बजावत. जसा काही मी मोडायलाच बसलो होतो. सहा नोझलांचे फवारे धुक्यासारखे बारीक झाले. अठराव्या दिवशी गाडी टेम्पोतून आली, पंप बसला. अर्धं चौसाळं गोळा झालं. गाडी सुरू झाली, चार मिनिटं छान घुमली, मग करकरली आणि बंद पडली. एक दट्टा अडकला होता. बालाजी खाली बघत आपल्या दुकानात निघून गेला.

दोन दिवस दाजी जेवले नाहीत. पंप पुढ्यात घेऊन नुसते बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी अडकलेला दट्टा बोटावर घासता घासता एकदम ओरडले, ‘पाव्हणं, कोरडं हाय की हे!’ मग मला समजावलं. डिझेल मुळात तेलकट, त्याच्या दट्ट्यांना ते स्वतःच वंगण पुरवतं. पेट्रोल कोरडं. म्हणून या पंपाला इंजिनातलं ऑइल आणणारं सुईएवढं भोक ठेवलेलं होतं आणि कुठल्यातरी जुन्या मेकॅनिकानं ते बुजवलं होतं. ‘ते बूच मी पयल्याच दिवशी बघितलतं. वाटलं, डिझेलच्या पंपाला कुठं लागतंय असलं भोक? चूक माझी हाय.’ त्यांनी पंपाची माफी मागितली. त्यात नवल नव्हतं. डॉक्टरांनाही फोन करून मागितली, तेव्हा अक्का पदर तोंडाला लावून बघतच राहिली.

ओरखडा वरवरचा होता. दट्टा घासून निघाला, भोक मोकळं झालं. या वेळी डॉक्टरांनी दाजींना शेजारी बसवलं आणि गाडी मांजरसुंब्यापर्यंत जाऊन आली. उतरल्यावर डॉक्टर दाजींचे काळे हात धरून उभे राहिले. बालाजी गर्दीतून पुढं आला आणि म्हणाला, ‘बाबा, खोली राहू द्या. टायरांवर पत्रा टाकतो मी.’ मला इतका आनंद झाला की मी त्या पोराच्या पाठीवर एक गुद्दाच घातला.

महिन्यानं पुन्हा गेलो, तर खोलीत छतापर्यंत टायर. माझं डोकंच फिरलं. बालाजीला बोलायला लागलो, तर तो रडवेला होऊन म्हणाला, ‘मामा, मी न्हाई वो. त्यांनीच रिकामी केली. बेंच केजच्या एका मिस्त्रीला देऊन टाकलं.’

दाजी बाहेर एका टायरवर चहा पीत बसले होते. मी विचारलं, ‘कावून दिलं, दाजी? तुम्ही जिंकला होता की!’

‘म्हणून तर दिलं,’ ते म्हणाले. ‘भजन रंगलं की पेटी मिटावी, पाव्हणं. मागून वाजवत बसलं की लोक चपला हुडकायला लागतात.’

त्यांनी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढं केला. मला फार वाईट वाटत होतं, आणि त्यांना मुळीच वाटत नव्हतं, हे बघून आणखीच.