आतेच्या विळीची धार

दिनेशचा फोन आला. "आई गेली रे," एवढंच म्हणाला. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. माझी सख्खी आते, वडिलांची थोरली बहीण. अशा वेळी माणसाला चेहरा आठवावा, माया आठवावी. मला आधी आठवली तिची विळी. त्याला महिना उलटून गेला. ती विळी आता माझ्याच घरात आहे.

शेवंती आतेचं उभं आयुष्य करी रोडच्या चाळीत गेलं. विळीला ती 'आडाळो' म्हणायची आणि एकदा त्यावर बसली की कुणाचं ऐकायची नाही. मजल्यावर कुणाकडे मोठी सुरमई आली, की ती आधी आतेच्या दारात यायची. बाजारात कापून मिळत असतानाही बायका अख्खा मासा उचलून आणायच्या, कारण आतेच्या तुकडीचं मांस काट्यापाशी कधी फाटायचं नाही. त्यात तिचा मान होता आणि तिला तो पुरता ठाऊक होता.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी.कॉम. झालो तेव्हा मजल्यावर पेढे वाटले ते हिनेच. अभिमानाने सांगतो. धार लावायचा नाद मात्र नोकरीत स्थिरावल्यावर लागला. फोनवर बघून बघून शिकलो, एक खरखरीत आणि एक गुळगुळीत असे दोन दगड मागवले. विळीचं पातं पाटात ठोकलेलं, त्यामुळे दगडच पात्यावर फिरवावा लागतो. तो पात्याला जवळजवळ चिकटवून, जेमतेम कलता धरला की धार पातळ येते आणि मासा अलगद कापला जातो. जास्त उभा धरला की कड जाड होते, कापता कापत नाही. कोन चुकू नये म्हणून मी पात्याच्या कडेला मार्कर फासायचो आणि शाई नेमकी कुठून उडते ते बघत बसायचो. आते वैतागायची. "मेल्या, धार काढतंस काय मेंदी काढतंस?" मग पहिली तुकडी पाडून झाली की पसंतीची मान हलवायची. त्या हलणाऱ्या मानेसाठी मी दर महिन्याला जायचो, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी तिला रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्यातच बोट कापलं. लहानशी चीर, पण रक्त थांबेना, टाके घालावे लागले. तिच्या मुलाने, दिनेशने, मला जिन्यात गाठलं. "विळी लपवली तर घर डोक्यावर घेईल ती. तू बोथट करून ठेव. तुझा संशय नाही येणार तिला." मी नाही म्हणालो नाही. नेहमीसारखा तिच्यासमोर बसलो, तोच दगड, तोच मार्कर... फक्त दगड उभा धरला.

"आज बेगीन झाला?"

"झालं लवकर, आते."

तिने मान हलवली. त्या दिवशी कापून बघायच्या आधीच.

मग मासे हळूहळू दारातून परत जायला लागले. "माझो हात गेलो गो आता," ती बायकांना सांगायची. एकदा माझ्यासमोरही म्हणाली, तळहात उलटासुलटा करून बघत. मी समोर बसून चहा पीत होतो. सांगता आलं असतं... बोट पुन्हा कापलं नाही हे खरं, दिनेशचंही काही चुकलं नव्हतं, पण चहा संपवून मी तसाच उठलो.

तेराव्याला शेजारच्या परब काकींनी आतेच्या मोरीतला चिनी मातीचा एक कप उपडा करून मला दाखवला. बुडाच्या बिनचकाकीच्या, खरखरीत कडेवर काळ्या रेघाच रेघा. "राग मानू नको हां. हल्ली तुझी धार बसत नव्हती. मी तिला म्हटलं, त्याला सांग तरी. तर माझ्यावरच डाफरली. म्हणते, 'त्याका काय सांगू नको. पोरगो हौसेन येता. त्याचो हात बिघडलो आसात, पण तोंडार कशाक सांगूचा?' दुपारी दार लोटून बसायची आणि या कपाने पातं घासायची, बिचारी."

माझा हात बिघडलाय हे मजल्याला कळू नये म्हणून ती स्वतःचा हात गेला म्हणत राहिली. आणि माझा हात तर बिघडलाही नव्हता.

दिनेशने विळी मला दिली. "तुझ्याशिवाय कोण वापरणार?" म्हणाला. घरी खिडकीपाशी धरून बघितली. कडेला माझ्या दगडाने पाडलेला रुंद, सरळ पट्टा आहे. त्याच्या अगदी टोकाशी एक बारीक, वाकडीतिकडी, चकाकणारी रेघ आहे, ती आतेच्या कपाची. मी दगड भिजवले, सवयीने मार्करही फासला, आणि थांबलो. कुठल्याही कोनात धार काढली तरी पुसली जाणार ती तिचीच रेघ.

परवा बायकोने सुरमई आणली, ती बाजारातूनच कापून. विळी ओट्याखाली आहे. मार्करची शाई अजून तशीच आहे.