सरांनी मोडलेली स्थळं

"ह्याचं काय खरं न्हाय, मॅडम," असं म्हणत आमचे गणिताचे सर खुर्ची पुढे ओढत. इतकी पुढे, की आता नाकानेच टाइप करतात की काय!

'हा' म्हणजे एडिटर. सरांचा शोधनिबंध लेटेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालला होता. लेटेक गणित छापतं देखणं, पण आधी सगळा मजकूर, खुणा आणि कंस कुठल्या तरी एडिटरमध्ये, म्हणजे लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, टाइप करावे लागतात. तो एडिटर सर दर आठवड्याला बदलत, कधी पांढऱ्या स्क्रीनचा, कधी काळ्या.

मी पदार्थविज्ञानाची, समोरच्या टेबलावर. असा खेळ फुकट मिळाल्यावर मी सोडते होय? चहाच्या वेळी उभी राहून जाहीर करायची, "मंडळी, सरांनी आणखी एक स्थळ मोडलं!"

"लई गोरं होतं की," सर म्हणत. "डोळं दिपलं."

"आणि ते काळं?"

"त्यात कंस बुडालं."

स्टाफरूम खदखदायची. सर सगळ्यांत मोठ्याने.

निवृत्तीआधी तो एकुलता एक निबंध त्यांना आमच्याच कॉलेजच्या परिषदेत मांडायचा होता. मांडला. प्रती वाटल्या, तर दुसऱ्या पानापासून शेवटपर्यंत सगळी अक्षरं ठळक! ठळक अक्षरांसाठी उघडलेला एक कंस मिटायचा राहिला होता.

"सर, एवढं ठासून कशाला सांगता?" अध्यक्ष म्हणाले. सभागृह हसलं. मीही. सर कागद डोळ्यांजवळ नेत, लांब धरत, "बरोबर, बरोबर" म्हणत राहिले.

नंतर रिकाम्या स्टाफरूममध्ये मी सवयीने म्हणाले, "मोडा हेही स्थळ."

"स्थळं सगळी चांगलीच होती, मॅडम." ते स्क्रीनकडे बघत होते. "मलाच दिसत न्हाय. सोलापुरात कुणी बघंल म्हणून अकलूजला जाऊन डोळं दाखवलं. चष्म्यानं भागणार न्हाय म्हणाला डॉक्टर. गणिताच्या मास्तरला कंस दिसंना, हे कुणाला सांगू? तुमी हसवत होता ते बरं होतं. कोण विचारत नव्हतं."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि पहिली ओळ मोठ्याने वाचायला लागले.

"थांबा," सर हळूच म्हणाले. "आदी दार लोटा, मॅडम."

निबंध सुधारून परिषदेच्या अंकात छापायला गेला. सर निवृत्त होऊन आता गावी, करकंबला असतात. त्यांचा कॉम्प्युटर माझ्याकडे आलाय. एडिटर उघडला की एकेक अक्षर बोराएवढं. ओळ स्क्रीनवर मावत नाही.

"अक्षरं लहान करून देऊ का?" नवे सहकारी विचारतात.

"राहू द्या," मी म्हणते, आणि खुर्ची थोडी पुढे ओढते.