पडके खांब कोरणारा जिलानी

लातूरच्या बाजारात जिलानी पितळी भांड्यांवर नावं कोरायचा. त्याच्या आजोबांना हैदराबादच्या एका साहेबानं जुन्या छापील चित्रांचं पुस्तक दिलं होतं. रोमचे पडके खांब, तुटक्या कमानींवर वेली, खाली बोटाएवढी माणसं. सगळं तांब्याच्या पत्र्यावर बारीक रेघा कोरून छापलेलं. ते बघतच जिलानी शिकला. ठसे छापायला लेथवाल्याकडून रुळाचं दाबयंत्र करून घेतलं, औशाच्या किल्ल्याचे ढासळलेले बुरूज कोरले. लोक ते ठसे हौसेनं बैठकीत लावायचे.

त्र्याण्णवचा भूकंप झाला. दोन महिन्यांनी पुण्याचा एक चित्रविक्रेता आला. "किल्लारीकडचं एखादं गाव असंच कोरा. पडकी दारं, एखादी वेल."

जिलानी गेला. ढिगाऱ्यासमोर कागद घेऊन बसला. पडक्या दाराची चौकट छान उतरली. सवयीनं त्यानं कोपऱ्यात बोटाएवढी बाई काढली. त्या घराची मालकीण साखराबाई मागून वाकून बघत होती.

"ही मीच का रं?"

"हाव, मावशी."

"एवढुशीच?"

त्यानं कागद गुंडाळला. घरी येऊन पत्रा घेतला. बाई मोठी केली की ढिगारा खोटा वाटे. ढिगारा साधला की बाई नुसती शोभेची होई. सात पत्रे घासून टाकले. शेवटी विक्रेत्याला नाही म्हणून कळवलं आणि पडकं कोरणंच सोडलं.

दहा-अकरा वर्षं गेली. गल्लोगल्ली क्लासेस निघाले. मन्मथ सरांनी आपल्या क्लासच्या नव्या हॉलसाठी जिलानीच्या पुस्तकातलं रोमचं चित्र पसंत केलं.

"मोठं करून द्या, जिलानीभाई. फक्त खांब पुरे करा. पडकं बघून पालक बिचकतात."

इतक्या वर्षांनी कुणी बोलावलं म्हणून जिलानी उमेदीनं बसला. पण खांबांच्या माथ्यावर काय होतं, ते चित्रात नव्हतंच. मनानं काढलेला माथा कधी मिनारासारखा होई, कधी देवळाच्या कळसासारखा. चार दिवस तो तिथंच अडला.

"सर, जे मी बघितलंच न्हाई, ते कसं पुरं करू?"

"काढा काहीही! पोरं काय रोमला चालली का?"

जिलानीनं नकाराची मान हलवली. आठवड्यात तिथं फ्लेक्स लागला: कॉम्प्युटरवर जोडलेले अखंड पांढरे खांब, वर निळं आभाळ.

रस्त्यावरूनच तो बघून जिलानी दुकानात आला. लग्नाच्या घागरीवर नाव घालायचं होतं. त्यानं छिन्नीवर असा घाव घातला की घागरीला भोक पडलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. गिऱ्हाईक बघतच राहिलं. तो शेजारच्या दुकानातून नवी घागर घेऊन आला आणि पुन्हा कोरायला बसला.