वास घेऊन निवडलेली क्लचप्लेट

मोटारीची क्लचप्लेट वास घेऊन पारखणारी बाई अख्ख्या हिंदुस्थानात एकच झाली, आणि ती माझी बायको होती. आम्ही दोघांनी जोडीनं केलेलं शेवटचं रोजचं काम म्हणजे ही प्लेट आणणं. साठ सालानंतरची गोष्ट. जयपुरात माझी एक जुनी विलायती मोटर टॅक्सीवर चालायची. शीतळामातेच्या अष्टमीच्या आदल्या दिवशी सकाळीच मी गिअरबॉक्स उतरवून झिजलेली प्लेट काढली. दुसऱ्या दिवशी टोंक रोडवरच्या चाकसूला मातेच्या जत्रेला जायचं होतं. शेजारच्या मांजी सत्तरीच्या, पायानं अधू. त्यांना गाडीतून देवीला नेईन असा शब्द हिनं दिलेला. म्हणजे संध्याकाळपर्यंत गाडी जोडून उभी पाहिजे.

अजमेरी गेटाबाहेरच्या पार्टवाल्या शेठनं दोन प्लेटा काचेवर ठेवल्या. एक कोरी, डब्यातली. दुसरी जुनीच, पण नवं अस्तर रिबिटानं ठोकलेली. मी कोरीला हात घातला तोवर ही मधे घुसली. प्लेट काचेवर उताणी ठेवून कडेला बोट दाबलं. टुक टुक वाजली.

"हलतीय बघा. असा पोळपाट घ्याल का तुम्ही?"

शेठ म्हणाला, "भाभीजी, ये विलायती माल है।"

"विलायती है म्हणून क्या डुलेगा?" असं म्हणून हिनं दुसरी उचलली, खाली ठेवली, दाबली. गप्प बसली ती प्लेट. मग नाकाशी नेली. "हिचं अस्तर नीट भाजलंय. त्या पहिलीला कच्चा वास येतो."

शेठनं माझ्याकडं बघितलं. "भाईसाहब, गाडी आपकी है या भाभीजी की?"

मी म्हटलं, "गाडी मेरी है, बाकी सब इनका है।"

शेठ पोट धरून हसला. आम्ही अस्तराची प्लेट घेतली. आणि खरं सांगायचं तर कोरी वाकडीच होती, ते मलाही दिसलं होतं. पण कबूल कोण करतो!

माझं शिक्षण चौथी नापास. साताऱ्याकडचा मी. विमा कंपनीतल्या एका साहेबांचा ड्रायव्हर म्हणून जयपुरात आलो. साहेबांची बदली झाली, ते गेले, आम्ही राहिलो आणि त्यांची जुनी मोटर राहिली. ही तेव्हापासून त्या मोटरीत माझ्या शेजारी बसायची. रिकाम्या फेरीला तर बसायचीच, पण गिऱ्हाईक मागं बसलेलं असतानाही बसायची. मी ब्रेक दाबला की ही पण आपल्या बाजूची फळी पायानं दाबायची. माझ्या बाजूचा पायपुसण्याचा तुकडा चांगला राहिला आणि हिच्या बाजूचा फाटला. म्हटलं, "अगं, तिकडं ब्रेक नाही." तर म्हणते, "म्हणून तर जोरात दाबावं लागतं."

हिंदी हिला सोळा वर्षांत आली नाही, कारण हिला त्याची गरजच पडली नाही. टांगेवाला, भाजीवाली, पोलीस, सगळ्यांशी सरळ मराठीत. चौड्या रस्त्यावर एकदा शिपायानं गाडी अडवली, वळायच्या आधी मी खिडकीतून हात दाखवला नाही म्हणून. मी कागद शोधतोय, तर ही खाली उतरून त्याला म्हणाली, "बाळा, बुटाची नाडी सुटलीय, तोंडावर पडशील." त्यानं नाडी बांधली आणि आम्हाला हातानं जा म्हटलं. मराठीतलं त्याला काय कळलं असेल, देव जाणे. आवाज कळला असेल.

कान तर असा, की गाडीचं दुखणं माझ्या आधी हिला कळायचं. "गाडी दमतीय. तुम्ही पाय सोडता, पण ती धरत नाही," हे हिनंच पहिल्यांदा सांगितलं, आणि क्लच जातोय हे मला आठ दिवसांनी पटलं. पण कान चुकायचाही. एकदा टोंक रोडनं एक वकील घेऊन निघालो होतो. दुर्गापुऱ्याच्या पुढं, दोन्हीकडं नुसती शेतं, तिथं हिनं गाडी थांबवली. "मागं काहीतरी सुटलंय." मी खाली शिरलो, शर्ट काळा करून घेतला. वकील घड्याळ बघतोय. शेवटी हिनं त्याच्या पायाशी हात घालून त्याचाच जेवणाचा डबा वर काढला. त्याचं झाकण खुळखुळत होतं. डबा त्याच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "धरून बसा. चटणी सांडली असती." वकील चाकसूपर्यंत डबा धरून बसला!

देवाधर्मातही असलंच. गावाकडची शीतळा सप्तमी श्रावणात, इथली अष्टमी होळीनंतर. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं गार खायचं. ही दोन्हीकडची पाळायची. म्हटलं, "अगं, देवी एकच आहे." "असू द्या, तिला दोनदा गार वाटेल."

भांडलो आम्ही रोज. मुलगी सांगलीला दिलेली. जयपुरात माझ्याशी मराठीत भांडणारं माणूस एकच होतं, आणि ते घरातच होतं, म्हणून त्याची किंमत कळली नाही.

तर प्लेट घेऊन घरी आलो. ही उद्याचं गार जेवण करायला बसली आणि मी गिअरबॉक्सचं ऑइल आणायला गेलो. चारला परत आलो तर कढई खाली उतरवलेली, पुऱ्यांची चळत झाकलेली, आणि ही भिंतीला टेकून, हातात झारा. मला वाटलं डोळा लागला. दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ओरडलो. मांजी काठी टेकत आल्या, त्यांनी हिच्या हातातला झारा काढून घेतला, तेव्हा मला समजलं. दिवस मावळायच्या आत स्मशानातलं सगळं उरकलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत कुणाच्याच घरातून धूर नव्हता. त्यांची मातेची अष्टमी. माझ्याकडं धूर नव्हता तो वेगळ्या कारणानं, पण बाहेरून बघणाऱ्याला काय कळणार? हाताला काहीतरी काम हवं म्हणून गाडीपाशी गेलो. प्लेट हिच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली होती. गाठ सोडली तर चकचकीत! दोन्ही बाजूंना गोडं तेल चोपडलेलं. लोखंडी तवा नवा आणला की आपल्याकडं बायका तेल लावून ठेवतात, तसं हिनं केलेलं. क्लचप्लेटीला तेल म्हणजे पायाला साबण लावून फरशीवर उभं राहणं. गाडी जागची हलत नाही.

मी घराकडं तोंड करून ओरडलो, "अगं ए, अक्कल गहाण टाकलीस काय? क्लचला तेल लावतात होय?"

आणि उत्तरासाठी थांबलो.

मांजी ओट्यावर आल्या. "क्या हुआ, भाई सा?"

मी प्लेट दाखवली. "तेल लगाया है इसने।"

त्यांना क्लच काय माहीत! त्या म्हणाल्या, "अच्छा ही किया। जंग नहीं लगेगी।"

त्या आत गेल्या. मी प्लेट उन्हात धरली. तेलात चार बोटांच्या रेघा होत्या, अस्तरावरून गोल फिरलेल्या. वाटलं, ही अशीच ठेवावी आणि दुसरी आणावी. पण ही तिनं पारखलेली. दुसरी कोण निवडणार? आणि ही नुसती बांधून ठेवली, तर तिनं ती निवडली कशाला?

परातीत पेट्रोल ओतलं. एक बाजू धुतली आणि प्लेट उलटवली, तर तिकडच्या रेघा अजून तशाच होत्या. एका बाजूचं तेल ठेवून भागत नाही. मग दुसरी बाजू पण धुतली.