शांतवनकाकांचं दुखणं

"शून्य ते दहापैकी दुखणं किती, काका?"

"दोन. प्रभूची कृपा."

त्यांच्या कपाळावर घाम होता, डाव्या हाताने टेबलाची कड घट्ट धरली होती. तरी मी कार्डावर दोन लिहिलं. चूक माझी.

मी उधन्यात एका गुजराती डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. शांतवनकाका साड्यांच्या कारखान्यात फोल्डिंगला, म्हणजे घड्या घालायच्या खात्यात, सुपरवायझर, मूळचे जालन्याचे, आमच्याच चर्चमधले ज्येष्ठ. त्यांचा उजवा खांदा आखडला होता, म्हणजे फ्रोझन शोल्डर. हात किती वर जातो, ती रेंज. पेशंट दुखण्याचा आकडा सांगतो, त्यावर आम्ही व्यायामाचा जोर ठरवतो. दोन म्हणजे जोर वाढवा. मी वाढवत गेले.

तिसऱ्या आठवड्यात रेंज चक्क घटली. डॉक्टरसाहेब म्हणाले, असंच चाललं तर केस दुसऱ्याकडे देऊ. मी हसून "हो सर" म्हटलं आणि स्टोअररूममध्ये जाऊन टॉवेल आपटले.

मग काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, झोपेत कण्हतात. यांचा धाकटा भाऊ गेला, तेव्हा दफनविधीत प्रार्थना यांनीच केली, डोळ्यांत टिपूस नाही. सगळे म्हणाले, काय विश्वास आहे! तेव्हापासून यांना रडायची सोयच राहिली नाही.

पुढच्या वेळी मी व्यायाम घेतलाच नाही. खांद्यावर शेकायची पिशवी ठेवली आणि आधी माझंच सांगितलं, की मला साहेबांचा राग आला होता, आणि आकडा खरा सांगत नाही म्हणून थोडा तुमचाही.

"विश्वासातली मुलगी तू, आणि राग?"

"आला, काका. प्रार्थनेत तसाच सांगितला. प्रभू येशू मित्राच्या कबरीपाशी रडले, तेव्हा त्यांचा विश्वास कमी होता का?"

काकांनी डाव्या हाताने पिशवी खांद्यावर दाबून धरली. मग म्हणाले, "आठ दुखतं, पोरी." आणि पुढचं खांद्याबद्दल नव्हतं. "धाकट्यानं आजार माझ्यापासून लपवला. मेलेल्या माणसाचा राग येतो का गं कुणाला?"

येतो, म्हटलं. ते रडले. मी पडदा ओढला आणि शेजारी बसून राहिले.

नंतर साहेबांकडे जाऊन माझी चूक सांगितली, त्यांचं बोलणं लागलं हेही सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हाच सांगायचं ना, बेन."

रविवारी काकांनी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं, मी अजून सावरलो नाही, माझ्यासाठी प्रार्थना करा. कुणाचा विश्वास डळमळला नाही.

जोर कमी केला, तसा चार महिन्यांत हात पूर्ण वर गेला. रडून खांदा बरा होत नाही, व्यायामानेच होतो. पण व्यायाम किती द्यायचा, हे खरं बोलणाऱ्या पेशंटकडूनच कळतं. त्या खरेपणाची किंमतही मोजावी लागते. काका हल्ली आमच्या क्लिनिकच्या चहाला तोंडावर नावं ठेवतात.