फिकं उष्टावण

आमच्याकडे तेराव्याला गोडाचं जेवण करतात आणि घरच्यांच्या तोंडात आग्रहाने गोड घालतात. माझ्याही तोंडात कुणीतरी जिलबीचा तुकडा कोंबला. मी तो गिळला. धाकटी बहीण तापात गेली होती, जिलबीशी माझं काही भांडण नव्हतं. पण तिच्या सासूबाईंनी दुसरा तुकडा उचलून माझ्या भाचीपुढे धरला, तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"मावशी, तिला नको."

"का वो?"

"तिच्या आईला चालायचं नाही."

"आई हाय कुठं आता?" त्या म्हणाल्या. "आईला मुकली, आता गोडाला बी मुकवता का लेकराला?"

मांडवातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझा हात सुटला. भाचीने जिलबी चाटली, मग खाल्ली, मग हात पुढे केला. ती अजून दोन वर्षांचीही नव्हती. तो पुढे केलेला हात मला अजून दिसतो आणि अजून संताप येतो.

बहिणीचे दुधाचे दात लहानपणीच किडले होते. आमच्या घरी रडणाऱ्या पोराच्या हातात गुळाचा खडा देत, आणि ती फार रडायची. शाळेत पोरं तिला किडकी म्हणत. पुढे पक्के दात आले तेही वेडेवाकडे, डागांचे. ती हसताना तोंडावर हात धरायला शिकली आणि तो हात पुन्हा कधी खाली आला नाही. ती गेल्यावर हार घालायला फोटो शोधला, तर लग्नातल्यासकट सगळ्या फोटोंत ओठ घट्ट मिटलेले.

म्हणून तिने लेकीसाठी एकच नियम केला होता. साखर नाही, गूळ नाही. उष्टावणाला पहिला घास मामाने भरवायचा असतो. मी वेल्ह्याहून हिर्डोशीला तिच्या सासरी गेलो, तर वाटीत खीर नव्हतीच. वाफवलेलं रताळं दुधात कुस्करून ठेवलेलं.

"फिकं उष्टावण कुठं असतंय व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "पोर मोठी झाली की मामाला शिव्या दील."

"देऊ दे," बहीण म्हणाली. "दात दाखवून देईल."

सगळ्या हसल्या. तीही हसली, तोंडावर हात धरून.

पुढे ती भाजलेल्या नाचणीच्या पिठात रताळं नाहीतर पिकलं केळं मळून लहान लहान पेढे वळायची. प्रत्येकावर अंगठ्याचा ठसा. सासूबाई रोज म्हणायच्या, "गूळ घाल की जरा. गूळ म्हंजी काय साखर हाय का?" आणि ती रोज सांगायची, "दाताला कुठं कळतंय, आत्याबाई?"

तेराव्यानंतर घरात बिस्किटं सुरू झाली. भेटायला येणारा रिकाम्या हाताने येत नाही, आणि आई गेलेल्या पोरासाठी माणसाला सुचतं ते बिस्किटाचा पुडा. पुडा द्यायचा, गालावरून हात फिरवायचा, "बिचारी" म्हणायचं आणि चहा पिऊन निघायचं. ही दया मला सहन होत नाही. करणाऱ्याचं मन हलकं होतं आणि ती जाऊन बसते लेकराच्या दातांत.

मी शिक्षक असलो तरी मला वरच्या आवाजात बोलता येत नाही, म्हणून कुणाशी भांडलो नाही. दर रविवारी वेल्ह्याहून निघायचो, कापूरहोळला उतरून भोरची गाडी धरायचो आणि तिथून पुढे हिर्डोशी. पिशवीत रात्री वळलेले नाचणीचे पेढे. कापूरहोळच्या एका दुकानात मुलांची खास बिस्किटं दिसली. वर नाचणीचं कणीस आणि मोठ्या अक्षरांत 'साखर नाही'. मी पुडा उलटून बारीक अक्षरं वाचली. गूळ. मग ग्लुकोज. मी पुडा परत ठेवला. पुण्याच्या एका शिकलेल्या नातेवाईकाने नेमका तोच पुडा आणून वर मला ऐकवलं, "ताईचा नियम पाळलाय बरं का."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी भाची मांडीवर बसून माझा चष्मा ओढत होती. ती हसली आणि पुढच्या दातावर, हिरडीपाशी, तपकिरी रेघ दिसली. मी तिला उजेडात नेलं, ओठ वर केला. रेघच होती.

तिचे वडील, आमचे दाजी, गोठ्यात होते. मी सांगितलं. ते म्हशीपुढे वैरण टाकत राहिले.

"लोकांना न्हाई म्हनायला ती हुती," ते म्हणाले. "मला न्हाई जमत, पाव्हणं."

"जमवा."

एवढा एकच शब्द, पण मी तो ओरडलो होतो. म्हशीनेही मान वळवली. दाजींनी हातातली वैरण खाली टाकली. मग घरात गेले आणि कोनाड्यातले, डब्यातले, फळीवरचे सगळे पुडे पिशवीत भरून घेऊन आले.

"न्या. तुमच्या साळंतल्या पोरांना वाटा."

"त्यांचे दात काय लाकडाचे आहेत?"

मी घमेलं ओढलं आणि एकेक पुडा फोडून पेंडीत चुरायला लागलो. दाजीही शेजारी उकिडवे बसून फोडायला लागले. सासूबाई दारात आल्या.

"आरं, येड लागलं का तुमाला? आनि उद्या कुनी पुडा आनला तर?"

"तर म्हशीला," दाजी म्हणाले. "आनि आये, तू बी त्यो आननाऱ्याच्या म्होरंच घालायचा."

सासूबाईंच्या मागून भाची धावत आली. म्हशीपुढे सारलेल्या घमेल्यात तिची बिस्किटं होती आणि म्हैस ती खात होती. मी नाचणीचा पेढा पुढे केला. तिने तो हातावर फटका मारून उडवला आणि भोकाड पसरलं.

"घ्या की तिला," सासूबाई म्हणाल्या.

"रडू दे," मी म्हणालो.

ती मातीत बसून, तोंड पुरतं उघडं टाकून रडत होती. वरचे दात, खालचे दात, सगळे उघडे. एकावर ती रेघ, बाकीचे अजून पांढरे. दोन्ही हात मातीत रुतलेले होते.