कडेचा हातभर पत्रा

आमचे मामा खडूस होते, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको. डेपोतली इंधनाची अवाढव्य टाकी रिकामी करून, धुऊन, वारा घालून झाली की तिचा तळ तपासायला मामा आत उतरायचे. तळाचे लोखंडी पत्रे वरून धडधाकट दिसतात. गंज खालून, मातीच्या बाजूने खात येतो. बहुतेक तळ स्कॅनर तपासतो, पण भिंतीलगतच्या हातभर पट्ट्यात तो शिरत नाही. तिथे मामांचा हातोडा चालायचा. ठोका खणखणीत वाजला तर पत्रा पास, बद्द वाजला तर खडूने फुली. स्कॅनरला मामा 'जावयासारखा लाडावलेला' म्हणायचे, तेही जावयासमोर, कारण त्यांचा जावईच आमच्या टोळीत वेल्डर होता.

मला या कामाला मामांनीच लावलं. वडील गेल्यावर सांभाळलंही त्यांनीच. म्हणून त्यांना ऐकू येईनासं झालंय हे वर्षापूर्वी लक्षात आलं, तरी मी तोंडाला कुलूप घातलं. घरी मामी दोनदा हाक मारायची आणि तिसऱ्यांदा वैतागून त्यांचा खांदा हलवायची. बायकोचं सगळंच ऐकायचं नसतं, असं मामा म्हणायचे आणि आम्ही हसायचो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

त्या दिवशी पेट्रोलची टाकी होती. बाहेर रणरणतं ऊन, आत दिव्यांचा पिवळट उजेड आणि धुऊनही न गेलेला वास. मी खडू घेऊन मामांच्या मागे चाललो होतो. एका पत्र्यावर हातोडा पडला आणि आवाज ओल्या मातीत जिरावा तसा जिरला. मामा पुढे सरकले. मग मागे वळून त्यांनी माझा चेहरा न्याहाळला. मी चेहरा कोराच ठेवला. त्यांनी मान डोलावली, आणि पासची खूण मी माझ्या हाताने केली.

शेजारचा पत्रा स्कॅनरने पातळ ठरवला होता. त्यावर ठिगळ बसवायचं होतं आणि ठिगळाची एक कड आम्ही पास केलेल्या पत्र्यावर जोडायची होती. टाकीतली हवा तपासून झाली होती, पण पत्र्याखाली काय साचलंय ते त्या तपासणीत कळत नाही. जेवणानंतर जावई वेल्डिंगची केबल ओढत आला आणि गुडघ्यावर बसला. मामांच्या मुलीला सातवा महिना होता. मी जाऊन त्याचा हात धरला आणि मामांसमोर उभा राहून सावकाश म्हणालो, "मामा, हा पत्रा बद्द वाजलाय. तुम्हाला ऐकू आलं नाही."

मामांचा चेहरा उतरला आणि लगेच संतापाने लाल झाला. ते मुद्दाम त्या पत्र्यावर जाऊन उभे राहिले, मला नाही नाही ते बोलले, आणि हाताने फिरवायचा ड्रिल आणवला. पाड भोक, म्हणाले. मी ड्रिल फिरवायला लागलो. बोटभर जाडीचा पत्रा असायला हवा होता; चार फेऱ्यांत टोक आरपार गेलं. मामांच्या वजनाने पत्रा जरासा दबला आणि भोकातून पेट्रोल वर आलं. ते संथपणे त्यांच्या बुटांभोवती पसरलं.

जावयाने केबल अलगद खाली ठेवली. एकेक जण बाहेर पडला. मामांना मी दंडाला धरून बाहेर काढलं आणि सावलीत बसवलं. समोर बाकीच्या टाक्या रांगेने उभ्या होत्या, सगळ्या काठोकाठ भरलेल्या. त्यांच्या पलीकडे भिंत, आणि भिंतीला लागून आमची घरं.

"कधीपासून माहीत होतं तुला?" मामांनी विचारलं.

मी एक बोट दाखवून वर्ष झालं म्हटलं. त्यांनी टाक्यांच्या रांगेवरून नजर फिरवली.

"वर्षभरात किती पास केल्या आपण?"

"अकरा."

मामांनी कानामागे हात धरला. "मोठ्याने सांग," ते म्हणाले.

मी ओरडून सांगितलं.